‘दशावतार’ (२०१७) : मुंबईच्या हेवी मेटलचा पुराणशोध आणि नवव्या गाण्याचा प्रश्न

प्रस्तावना

हेवी मेटल हा संगीतप्रकार मराठी समीक्षेच्या कक्षेत अद्याप फारसा आलेला नाही. भावगीत, नाट्यपद, अभंग, लावणी, शाहिरी यांची चिकित्सा मराठीत पूर्वीपासून होत आली. पुढे आंबेडकरी जलसा आणि भीमगीते यांचीही दखल घेतली गेली. मात्र इलेक्ट्रिक गिटारचा फाटका-जाड स्वर, दोन्ही पायांनी वाजविला जाणारा बास ड्रम आणि घशाच्या तळातून काढलेला गुरगुरता आवाज यांच्यावर उभे असलेले हे संगीत ‘गोंगाट’ या एका शब्दात निकालात काढण्याची रीत पडून गेली आहे. हा शब्द वाटतो तितका निरागस नाही. गावगाड्यात हलगी, डफ, संबळ वाजविणाऱ्यांच्या वादनालाही प्रतिष्ठितांनी दीर्घकाळ हाच शब्द लावला. कोणत्या ध्वनीला संगीत म्हणायचे आणि कोणत्या ध्वनीला गोंगाट, हे ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हाती असतो, हा प्रश्न मराठवाड्यातील वाचकाला नवा वाटण्याचे कारण नाही.

मार्च २०१७ मध्ये मुंबईच्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ या बँडचा ‘दशावतार’ हा अल्बम प्रसिद्ध झाला. विष्णूचे दहा अवतार आणि त्यांवर दहा गाणी अशी त्याची सरळ योजना आहे. मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक गाण्याला अवताराचे नाव व त्याच्याशी जोडलेले एक इंग्रजी विशेषण आहे. गाण्यांची भाषा इंग्रजी आहे. भारतीय हेवी मेटलने आपल्या भूमीतील आशयसामग्रीकडे वळण्याचे जे प्रयत्न केले, त्यांतील हा सर्वांत योजनाबद्ध प्रयत्नांपैकी एक होय. हा अल्बम कोणत्या वाटेने घडला, त्याने काय साधले आणि बुद्धाला नववे स्थान देणाऱ्या त्याच्या रचनेने कोणता प्रश्न उभा केला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हा प्रश्न मुंबईत कदाचित उपस्थितही होणार नाही. नांदेड-लातूरच्या मातीत मात्र तो टाळता येत नाही.

बर्मिंगहॅमचा कारखाना आणि मुंबईची खोली

हेवी मेटलचा उगम सांगताना इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या औद्योगिक शहराचा उल्लेख करावाच लागतो. ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला. या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामगार होता. यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे गिटारच्या तारा दाबण्याचा हात नेमका तोच. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोपणे तयार केली, हलक्या तारा वापरल्या आणि पुढे त्या सैल करून वाद्याचा स्वरच खाली आणला. ज्याला आज ‘हेवी’ म्हणजे जड ध्वनी म्हणतात, त्याच्या मुळाशी अशी एका कामगाराची जखम आहे. या संगीताचा संताप सौंदर्यशास्त्राच्या चर्चेतून जन्मलेला नसून तो श्रमातून आलेला आहे.

मुंबईत हे संगीत आले तेव्हा त्याचा वर्ग बदललेला होता. इलेक्ट्रिक गिटार, अँप्लिफायर, ड्रमचा पूर्ण संच आणि शेजाऱ्यांची तक्रार येणार नाही अशी सरावाची खोली, या चारही गोष्टी गिरणगावातील चाळीत मिळण्यासारख्या नव्हत्या. गिरणगावाचा आवाज अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांच्या शाहिरीत होता. रॉक संगीत इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या मध्यम व उच्च मध्यमवर्गीय तरुणांच्या हाती राहिले. १९८६ पासून मुंबईत ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव भरू लागला. ‘रॉक मशीन’सारखा बँड, पुढे ज्याचे नाव ‘इंडस क्रीड’ झाले, स्वतःची इंग्रजी गाणी घेऊन देशभर पोहोचला. ‘आयर्न मेडन’ने १ फेब्रुवारी २००८ रोजी आपला जागतिक दौरा वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केला, तोपर्यंत या शहरात मेटलचा निष्ठावंत श्रोता तयार झाला होता. लातूर-नांदेडकडचा तरुण या श्रोत्यांत आला तो बहुधा अभियांत्रिकीच्या प्रवेशानंतर, पुण्या-मुंबईच्या वसतिगृहातील खोलीमित्राच्या संगणकातून. काळ्या टी-शर्टचा हा संसार त्याच्या गावापर्यंत पोहोचला तोही तसाच, मैफलींतून न येता फायलींतून.

डेमॉनिक रिझरेक्शनची स्थापना २००० साली साहिल माखिजा याने केली. ‘डेमनस्टीलर’ या टोपणनावाने तो ओळखला जातो. अतिवेगवान डेथ मेटल आणि की-बोर्डने उभा केलेला वाद्यवृंदासारखा विस्तार यांचा मेळ ही या बँडची ओळख. २००५ मध्ये ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ हा अल्बम आला. २००७ चे ‘बियाँड द डार्कनेस’ आणि २०१० चा ‘द रिटर्न टू डार्कनेस’ मिळून अंधाराची एक त्रयी पूर्ण झाली. याच वर्षी ब्रिटनच्या ‘मेटल हॅमर’ नियतकालिकाच्या पुरस्कारांत बँडचा गौरव झाला व नॉर्वेतील ‘इन्फर्नो’ महोत्सवात त्याला स्थान मिळाले. २०१४ मध्ये ‘द डेमन किंग’ आला आणि त्याच वर्षी जर्मनीतील ‘वाकेन’ या विख्यात महोत्सवातही बँडने वादन केले.

या यशामागचे काम अधिक महत्त्वाचे आहे. भारतात मेटल प्रकाशित करणारी कंपनी नाही म्हणून माखिजाने स्वतःचे लेबल काढले. कार्यक्रम होत नाहीत म्हणून ‘रिझरेक्शन’ नावाने कार्यक्रमांची मालिका चालविली. (याच गृहस्थाने पुढे पाककृतींचा कार्यक्रमही लोकप्रिय केला, ही गोष्ट या संगीताच्या उग्र प्रतिमेशी विसंगत वाटली तरी स्वावलंबी वृत्तीशी सुसंगतच आहे.) मराठीतील लघुनियतकालिकांची चळवळ ज्यांनी अभ्यासली आहे, त्यांना ही धडपड परिचित वाटेल. प्रस्थापित प्रकाशनव्यवस्था दार उघडत नाही तेव्हा लेखकाला स्वतःच छापखान्याकडे जावे लागते. डेमॉनिक रिझरेक्शनचा प्रभाव त्याच्या चालींपेक्षा या व्यवस्था उभारण्यात अधिक आहे, असे म्हणावे लागेल.

अंधारातून पुराणाकडे

त्रयीतील अंधार हा उसना अंधार होता. राक्षस, अधोलोक, उद्ध्वस्त देवत्व ही सारी सामग्री युरोपीय मेटलच्या कोठारातून आलेली. मुंबईत राहणाऱ्या तरुणांनी ख्रिस्ती नरकाची भाषा बोलावी, यातील कृत्रिमता कोणाच्याही ध्यानात येण्यासारखी आहे. नवसाहित्याच्या आरंभकाळी मराठी कवितेवरही ‘उसनी निराशा’ असा आक्षेप घेतला गेला होता. तो आक्षेप तेव्हा जितका अर्धवट होता तितकाच तो येथेही अर्धवट ठरेल, कारण उसन्या रूपातूनही खरा क्षोभ व्यक्त होऊ शकतो. तरीही २०१७ मध्ये बँडने पुराणांकडे मोर्चा वळविला तो या उसनवारीच्या जाणिवेतून, असे मानण्यास जागा आहे. भारतीय संगीताचे घटकही या अल्बममध्ये पूर्वीपेक्षा ठळकपणे आले.

ही वाटही मेटलला नवी नव्हती. स्वीडनच्या ‘बाथरी’ या बँडने १९८८ च्या ‘ब्लड फायर डेथ’ व १९९० च्या ‘हॅमरहार्ट’ या अल्बमांतून सैतानी प्रतिमा मागे ठेवून स्कँडिनेव्हियातील प्राचीन वीरगाथांकडे वळण घेतले. तेथून पुढे ओडिन, थॉर यांच्यावर गाणी रचणाऱ्या बँडांची रीघ लागली. आशियात सिंगापूरच्या ‘रुद्र’ या १९९२ साली स्थापन झालेल्या बँडने वेदान्त व संस्कृत मंत्र यांना डेथ मेटलमध्ये आणले. ‘दशावतार’ या परंपरेतील कृती आहे. ‘आपल्या पूर्वजांचे देव’ हे या परंपरेचे सूत्र होय.

या सूत्रातच पुढील अडचणीचे बीज आहे. स्वीडनमध्ये ओडिनच्या नावाने आज कोणाला पाणवठ्यावरून हाकलले जात नाही. ओडिनच्या देवळाचा विश्वस्त नाही, त्याच्या नावाने ग्रामपंचायतीची निवडणूक होत नाही. तो ग्रंथात शिल्लक असलेला देव आहे आणि म्हणून कलावंताला तो मुक्तपणे वापरता येतो. भारतातील पुराणे ही अशी विझलेली सामग्री नाही. त्या कथा आजही समाजातील श्रेणी ठरवितात, कोणाला पूर्वज द्यायचे व कोणाला शाप, हे सांगतात. मिथक म्हणून त्यांच्याकडे पाहण्याची मोकळीक कलावंताला जरूर आहे. ती सर्व श्रोत्यांना सारखीच उपलब्ध असते असे मात्र नाही.

नरसिंह आणि परशुराम

अल्बमच्या रचनेतील बलस्थान प्रथम नोंदविले पाहिजे. अवतारकल्पना आणि एक्स्ट्रीम मेटल यांच्यात एक अंतर्गत नाते आहे. डेमॉनिक रिझरेक्शनच्या शैलीत दोन कंठ सतत आलटून-पालटून येतात. एक गुरगुरणारा, अक्षरे चिरडत जाणारा, तर दुसरा स्पष्ट स्वर लावून गाणारा. पशू आणि मनुष्य यांची ही एकाच देहातील वस्ती म्हणजे नरसिंहाचीच कल्पना नव्हे काय? मेटलच्या गायकाला माणसाच्या घशातून जनावर बाहेर काढावे लागते. ते तंत्र पडद्याआड न ठेवता उघड करणारे मिथक चौथ्या गाण्याच्या रूपाने त्याच्यासमोर आले. लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात खरोसा येथे साधारण सहाव्या शतकातील लेणी आहेत व तेथे नरसिंहाचे शिल्प आहे. मूर्तिकाराला स्थिर दगडात एकच क्षण पकडता येतो. त्याला खांबही दाखवायचा असतो, नखेही आणि मांडीवरचा हिरण्यकशिपूही. कंठाला मात्र पशूपासून माणसापर्यंतचे जाणे-येणे प्रत्यक्ष ऐकविता येते. मेटलला जे साधते ते दगडाला साधणारे नाही, इतके श्रेय या रूपबंधाला द्यायला हवे.

सहाव्या गाण्याकडे आले की चित्र पालटते. परशुरामाच्या नावापुढे ‘परशुधारी’ या अर्थाचे विशेषण आहे. मेटलच्या परंपरेत शस्त्रधारी वीर हा सर्वांत सोयीचा नायक. त्यामुळे नजर साहजिकच परशूवर खिळते. पण नांदेड जिल्ह्यातील माहूरच्या डोंगरावरून ही कथा वेगळी दिसते. माहूर हे रेणुकेचे ठाणे आहे, साडेतीन शक्तिपीठांतील एक. तेथे पूजा होते ती मुखवट्याच्या रूपातील देवीची, म्हणजे जिचे मस्तक पित्याच्या आज्ञेवरून पुत्राने उतरविले त्या मातेच्या मुखाची. मराठवाड्यातील गोंधळी व आराधी संबळ-तुणतुण्यावर रात्र जागवितात ती या आईसाठी. परशुराम तेथे मुलगा म्हणून आहे, नायक म्हणून नाही. एकाच कथेची ही दोन टोके आहेत. एका टोकाला शस्त्र तर दुसऱ्या टोकाला छिन्न मस्तक. अल्बमने शीर्षकासाठी पहिले टोक निवडले, कारण अवतारांच्या यादीत पुरुषदेवताच मोजल्या जातात आणि यादी जशी मिळाली तशी घेतली गेली. गोंधळाच्या संगीतात मात्र आघात, उन्माद, अंगात येणे, रात्रभराचा ताण असे सारे काही आहे जे मेटलला हवे असते. मुंबईहून नॉर्वेपर्यंत गेलेल्या या संगीताने माहूरपर्यंतचा रस्ता धरला असता तर त्याला पुराणाबरोबरच पुराणाचा प्रतिवादही सापडला असता.

ब्राझीलच्या ‘सेपल्टुरा’ या बँडच्या १९९६ च्या ‘रूट्स’ या अल्बमचा येथे उल्लेख अप्रस्तुत ठरू नये. आपल्या देशाची मुळे शोधताना या बँडने ग्रंथांकडे न जाता माटो ग्रोसो भागातील झावान्ते या आदिवासी जमातीच्या वस्तीत जाऊन त्यांच्यासोबत ध्वनिमुद्रण केले. त्या प्रयोगावरही टीका होऊ शकते व झालीही आहे. तरी त्या अल्बमवर झावान्तेंचा स्वतःचा कंठ आहे. ‘दशावतार’मध्ये मूळ शोधले गेले ते लिखित यादीत, आणि लिखित यादी कोणी लिहिली हा प्रश्न मागे राहिला.

नववे गाणे

नवव्या गाण्याचे नाव ‘बुद्ध’ आणि त्याला जोडलेले विशेषण ‘शिक्षक’. हे विशेषण बारकाईने पाहण्यासारखे आहे. विष्णुपुराणात मायामोहाची कथा येते. असुरांना वेदमार्गापासून ढळविण्यासाठी विष्णूने निर्माण केलेला हा भ्रामक उपदेशक. भागवतातही देवांच्या शत्रूंना मोहात पाडण्यासाठी बुद्ध कीकट देशात जन्म घेईल, असे सांगितले आहे. म्हणजे पुराणकारांच्या लेखी नववा अवतार हा शिक्षक खरा, पण चुकीचे शिकविण्यासाठी पाठविलेला. बाराव्या शतकात जयदेवाने ‘गीतगोविंदा’त या अवताराला पशुहत्येविषयी करुणा बाळगणारा असे सौम्य रूप दिले. अल्बमचे विशेषण या सौम्य परंपरेशी जुळते. ‘फसविणारा’ असे न म्हणता ‘शिकविणारा’ म्हटले, यात बँडचा आदरभावच दिसतो. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

परंतु यादीतील स्थान हे स्वतःच एक विधान असते. आदराने दिलेले नववे आसन हेही नववेच. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी प्रतिज्ञा नेमकी याच गोष्टीविषयी आहे. बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे ती नाकारते आणि तसे सांगणे हा खोडसाळ प्रचार मानते. महाराष्ट्रातील लक्षावधी घरांत ही प्रतिज्ञा लहान मुलांना पाठ असते. त्या घरातून आलेल्या श्रोत्याने हा अल्बम लावला तर आठ गाण्यांपर्यंत तो मेटलचा श्रोता असतो. नवव्या गाण्याच्या नावापाशी तो थांबतो, कारण तेथे त्याच्या आजोबांनी ज्या यादीतून बाहेर पडण्यासाठी गाव सोडले, ती यादी इलेक्ट्रिक गिटारवर पुन्हा वाजू लागते.

हे केवळ भावनेचे बोलणे नव्हे. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्याच्या गावोगावी दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले, त्यांची झळ नांदेड जिल्ह्याला फार मोठी बसली. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. १९९३ मध्ये नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला पेटवून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ अस्तित्वात आले. नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत आज जे विद्यार्थी शिकतात, त्यांच्यासाठी एखादे नाव कोठे आणि कोणत्या नावाशेजारी लिहायचे, हा प्रश्न रक्ताने लिहिलेला आहे. त्यांच्यासमोर बुद्धाचे नाव श्रीकृष्णानंतर आणि कल्कीच्या आधी ठेवणे ही निव्वळ कलात्मक मांडणी राहत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. मराठी परंपरेनेच बुद्धाला अवतारांत बसविले आहे, मग एका मेटल बँडला दोष का द्यावा? आक्षेपात तथ्य आहे. संतकवितेत पंढरीच्या विठ्ठलाला बौद्ध अवतार म्हटल्याचे दाखले आहेत, पैठणच्या एकनाथांच्या रचनांतही ते सापडतात. दशावतारांच्या जुन्या मराठी चित्रांत व कोरीवकामात नवव्या जागी विटेवरची विठ्ठलमूर्ती दिसते. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात या धाग्याचा सविस्तर मागोवा घेतला आहे. डॉ. आंबेडकरांनी तर पंढरपूरचे दैवत मुळात बुद्धच असल्याचे मत मांडले होते. मात्र या दोन हालचालींची दिशा एकमेकींच्या विरुद्ध आहे. पहिलीत बुद्धाला विष्णूमध्ये विरघळविले जाते, तर दुसरीत विठ्ठलाच्या आत हरवलेला बुद्ध शोधला जातो. मराठी परंपरेत हा झगडा जिवंत आहे, नववी जागा तेथे कधीच निर्विवाद नव्हती. ‘दशावतार’ अल्बममध्ये ती निर्विवाद होते, आणि आक्षेप आहे तो या निर्विवादपणाला.

वेरूळच्या पंधराव्या लेण्यालाही ‘दशावतार लेणे’ म्हणतात. नाव दशावतार असले तरी प्रत्यक्षात तेथे दहाही अवतार कोरलेले नाहीत. वराह आहे, त्रिविक्रम आहे, नरसिंह आहे. दुसऱ्या बाजूला शिवाच्या लीला आहेत. अवतार म्हणून बुद्ध तेथे नाही. अभ्यासकांच्या मते हे लेणे बौद्ध विहार म्हणून सुरू झाले आणि नंतर त्याचे रूपांतर झाले. तेथे राष्ट्रकूट राजा दंतिदुर्ग याचा शिलालेख आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत व हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर. नांदेड जिल्ह्यातील कंधार हेही त्यांच्या काळातील महत्त्वाचे नगर होते. म्हणजे बौद्ध वास्तूवर दशावतार कोरण्याची गोष्ट या प्रदेशाला ऐकीव नाही, ती याच प्रदेशाचे नाव मिरविणाऱ्या राजकुळाच्या काळातील आहे. त्या शिल्पांचे सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. विहाराच्या मूळ आराखड्याकडे डोळेझाक करण्याचेही कारण नाही. अल्बमविषयी भूमिका घेताना वेरूळच्या त्या दुमजली लेण्याची ही दुहेरी दृष्टी उपयोगी पडते.

आशयाबरोबर रूपाचाही प्रश्न नवव्या गाण्यापाशी उभा राहतो. वराह, नरसिंह, परशुराम, कल्की हे सारे संहाराचे अवतार, आणि एक्स्ट्रीम मेटलचा शब्दकोश मूलतः संहाराचा आहे. ज्याने शस्त्र उचलले नाही, ज्याच्या जीवनातील निर्णायक प्रसंग म्हणजे एका वृक्षाखाली स्थिर बसणे, त्याचे काय करावे, हे या रूपबंधाला अवघड जाणारच. मेटलमध्ये स्थैर्य व मंद गती यांची परंपरा नाही असे नव्हे. ब्लॅक सॅबथच्या संथ, जड चालींतून ‘डूम’ नावाची एक पूर्ण शाखा निघाली आहे. पण दहा अवतारांना एकाच आकाराच्या दहा चौकटी दिल्या की प्रत्येकाला त्या चौकटीत मावणे भाग पडते. बुद्धाने यज्ञ, जन्मश्रेष्ठता आणि आत्मा यांना दिलेला नकार हा मानवी इतिहासातील एक मोठा विद्रोह आहे. बंडखोरीचा वारसा सांगणाऱ्या संगीताला तो खरे तर सर्वांत जवळचा वाटायला हवा होता. यादीत बसविताच तो विद्रोह वजा होतो, उरतो तो नवव्या क्रमांकाचा देव.

पुढील वाटा

‘दशावतार’ची सांगीतिक वंशावळ नेमकी दाखविणे कठीण आहे. पण त्यानंतरच्या काही वर्षांत भारतीय मेटलने देशी सामग्री वापरण्याचा संकोच सोडला, हे स्पष्ट दिसते. दिल्लीच्या ‘ब्लडीवुड’ने २०२२ च्या ‘रक्षक’ या अल्बममध्ये ढोल व बासरी तर आणलीच, शिवाय हिंदी व पंजाबी भाषाही आणली, आणि विषय घेतले ते समकालीन. देशीपणा म्हणजे पुराण हे समीकरण तेथे मोडले. स्वतः माखिजानेही डेमनस्टीलर या नावाने २०२३ मध्ये ‘द प्रोपगंडा मशीन’ हा अल्बम काढला. नावातच त्याची दिशा सूचित होते, प्रचाराची यंत्रे आणि त्यांतून पिकविला जाणारा द्वेष हा तेथे विषय आहे. ज्या कलावंताने २०१७ मध्ये प्राचीन यादी विनातक्रार स्वीकारली, त्याने सहा वर्षांनी ‘आपल्याला जे सांगितले जाते ते कोण व का सांगते’ असा प्रश्न विचारावा, ही त्याच्या विकासातील मोठी घटना मानली पाहिजे. हाच प्रश्न ‘दशावतार’ला लावला असता तर नवव्या जागी काय झाले असते, याची कल्पना करण्याचा मोह होतो.

मराठीत हेवी मेटलची भरीव परंपरा उभी राहिलेली नाही. जेव्हा राहील तेव्हा तिच्यासमोर संबळ असेल, हलगी असेल, जलशाची शाब्दिक धार असेल, आणि माहूरच्या डोंगरावरचे ते मस्तकही असेल. तोवर इंग्रजीतील ‘दशावतार’ हाच ऐकायला हाताशी आहे आणि तो ऐकलाच पाहिजे, कारण नरसिंहाचा कंठ त्यात खरोखर सापडला आहे. नवव्या गाण्यापाशी मात्र नांदेडच्या वसतिगृहातील श्रोता क्षणभर ध्वनी थांबवील. पुढे कल्की वाट पाहत असतो, घोड्यावर, हाती तलवार घेऊन. आणि मेटलला तलवारीचे गाणे कसे करावे हे नेहमीच ठाऊक होते.